लोकमान्य टिळक व त्यांचे पथ्य

वसईकडच्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले आहे त्यांस जुन्या पिढीचा दिनक्रम आठवत असेल. पहाटे विहिरीवर रहाट चालू होई, केळीच्या व पानवेलीच्या बागांस पाणी दिले जाई, भाजीच्या व फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायामाणसे स्टेशनापर्यंत पायी जात; आणि इतके झाल्यावर जे ताटभर भात व मासळीचे कालवण पोटात पडे ते अंगी लागे, कारण ते घामावाटे खर्ची पडत असे. आता त्या वाड्यांपैकी पुष्कळांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरुण मंडळी विरारची गाडी धरून मुंबईस कचेऱ्यांत जातात व दिवसभर खुर्चीवर बसतात. अंगमेहनत गेली, परंतु ताटातला भात होता तेवढाच राहिला, आणि चहातली साखर मात्र वाढली. ही गोष्ट वसईचीच आहे असे नव्हे. आमचे वाचक कोणत्याही तालुक्यातले असोत, त्यांस आपल्या गावी हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसेल.

ह्या बदलाबरोबर जी दुखणी आमच्या घरांत शिरली त्यांत मधुमेह हे एक मुख्य आहे. ताप येतो व जातो, हाड मोडते व सांधते. पण हे दुखणे एकदा आले म्हणजे बहुधा जन्माची सोबत करते. त्यामुळे माणसांच्या हातून तीन प्रकारच्या चुका होतात. कोणी ते लाजेने लपवून ठेवतो. कोणी चार दिवस औषध घेतो व जरा बरे वाटताच ते बंद करतो. आणि कोणी असे समजतो की आता आपण संपलो, आपल्या हातून काही व्हावयाचे राहिले नाही, आणि खाटेवर पडून दिवस मोजू लागतो. ह्या तिघांपुढेही आज आम्ही एका पुरुषाचे चरित्र ठेवणार आहोत. त्याचे नाव महाराष्ट्रात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याने एक चिवट दुखणे अंगावर वागवीत आपले मोठे काम केले, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. तो पुरुष म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

आमच्या पत्रात हे चरित्र यावे ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. टिळक हे मिशनच्या कामाचे मित्र नव्हते. 1890 साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये जे चहापान झाले त्यास गेलेल्या मंडळींत ते होते, आणि त्याबद्दल पुढे त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर त्यांनी आपल्या पत्रातून कडक टीका केली. सामाजिक सुधारणेच्या कित्येक प्रश्नांत त्यांची व आमची वाट निराळी होती, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या घरातही शिकण्याजोगे काही असले तर ते शिकण्यास लाजू नये. दुखण्याला धर्म नसतो व जात नसते; आणि दुखण्याशी कसे वागावे ह्याचा धडा ज्याने गिरवला त्याच्याकडून तो घेण्यास हरकत कोणती?

बाळ गंगाधर टिळक ह्यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षकाच्या पेशातले होते. 1866 साली त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच साली मुलाची आई वारली. पुढे 1872 साली वडीलही वारले. अशा रीतीने सोळा वर्षांचा हा मुलगा आईबापांवेगळा झाला. लहानपणी त्याची प्रकृती मुळीच दणकट नव्हती. अंगाने तो किरकोळ होता, आणि त्याच अंगाने तो 1873 सालच्या आरंभी डेक्कन कॉलेजात गेला.

तेथे त्याने जे केले ते आजच्या आईबापांस बहुधा रुचणार नाही. कॉलेजातले पहिले सबंध वर्ष त्याने पुस्तके जवळजवळ बाजूस ठेवली व शरीराकडे लक्ष दिले. सकाळी तालीम, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हविणे, आणि त्यावर चांगले पौष्टिक खाणे असा त्याचा क्रम चालला. ह्याचा परिणाम असा झाला की त्या वर्षी तो परीक्षेत नापास झाला. परंतु त्याने त्याची खंत केली नाही. वर्ष गेले, पण त्या मोबदल्यात कायमचे शरीर मिळाले, असा त्याचा हिशेब होता. पुढे 1876 साली तो बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि 1879 साली कायद्याची परीक्षाही त्याने दिली. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले व 1881 साली केसरी व मराठा ही पत्रे निघाली.

त्या एका वर्षाच्या मेहनतीने मिळविलेली पुंजी टिळकांस जन्मभर पुरली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते खरे आहे. पण ती पुंजी होती, अखंड वाहणारा झरा नव्हता. पुंजीतून खर्च होत असतो आणि टिळकांच्या आयुष्यात तो खर्च फार झाला. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात त्यांस व त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर ह्यांस डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. 1897 साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगातील अन्न त्यांस मानवले नाही, वजन झपाट्याने घटले, आणि सप्टेंबर 1898 मध्ये मुदतीपूर्वी सुटून आले तेव्हा ते अगदी खंगले होते. मग त्यांनी सिंहगडाच्या थंड हवेत राहून शक्ती भरून काढली. गडावर जाऊन राहणे हा पुढे त्यांचा नेमच होऊन बसला. परंतु सभा, खटले, जागरणे, लेखनाची घाई व मनाची दगदग ह्यांना कधी खंड पडला नाही. अशा राहणीत पन्नाशीच्या सुमारास त्यांना मधुमेहाने गाठले.

हे दुखणे काय आहे ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण खातो त्या भाताची, भाकरीची व गोडाची पोटात शेवटी साखर होते आणि ती रक्तात मिसळते. त्या साखरेने सर्व अंगास बळ मिळावे म्हणून ती रक्तातून शरीराच्या कणाकणांत शिरावी लागते. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. ती इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडते, आणि हा रस जणू कुलपाची किल्ली होऊन साखरेस आत जाण्याची वाट मोकळी करून देतो. हा रस कमी पडला किंवा त्याचा गुण येईनासा झाला म्हणजे साखर रक्तातच साचते व लघवीवाटे बाहेर जाऊ लागते. तहान लागते, वारंवार लघवीस जावे लागते, वजन उतरते, थकवा येतो. पुष्कळांस तर आरंभी काहीच वाटत नाही. परंतु साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदय ह्यांस ती हळूहळू पोखरते.

आमच्या देशास हा रोग फार पूर्वीपासून माहीत आहे. लघवीवर मुंग्या येतात ही खूण जुन्या वैद्यांनी टिपून ठेवली होती. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्यास सातू म्हणजे यव हे धान्य मुख्य अन्न म्हणून सांगितले आहे. सुश्रुतसंहितेतील उपाय तर मोठा कठोर आहे. ज्याच्यापाशी पैसा नाही अशा रोग्याने जोडा व छत्री टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असे तेथे सांगितले आहे. युरोपातही असाच अनुभव आला. 1870-71 साली पॅरिस शहरास वेढा पडला आणि अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हा तेथील बूशार्दा नावाच्या डॉक्टरास असे दिसून आले की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर कमी झाली आहे. तोही आपल्या रोग्यांस बेताने खाण्यास व अंगमेहनत करण्यास सांगत असे. टिळकांच्या काळी ह्यापलीकडे खरे औषध कोणत्याच देशात नव्हते. अन्न आवरणे व शरीर हलते ठेवणे एवढाच काय तो इलाज होता.

आता 1908 सालाकडे वळू. केसरीतील लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला आणि 22 जुलै रोजी, म्हणजे त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, मुंबईच्या हायकोर्टाने त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. प्रथम त्यांस अहमदाबादेस साबरमतीच्या तुरुंगात नेले. तेथे त्यांची प्रकृती ढासळू लागली. पुढे सरकारने काळ्या पाण्याऐवजी साधी कैद ठरवून त्यांस बोटीने ब्रह्मदेशात नेले, आणि सप्टेंबर महिन्यात ते मंडालेच्या तुरुंगात पोहोचले. बावन्न वर्षांचे वय, अंगात मधुमेह, परका मुलूख, आणि पुढे सहा वर्षे. त्या काळी हा रोग जडलेल्या माणसास अशा स्थितीत पाहून तो जिवंत परत येईल अशी पैज कोणी लावली नसती.

मंडालेस त्यांस राहावयास दिलेली कोठडी लाकडी होती. भिंतींच्या जागी लाकडाचे गज असल्यामुळे उन्हाळ्यातील झळा, हिवाळ्यातील गारठा, वारा व धूळ सर्व काही आत येई. मंडालेचा उन्हाळा तर प्रसिद्धच आहे. स्वयंपाकासाठी एक कैदी त्यांच्याजवळ दिलेला होता. घरी महिन्यातून एक पत्र लिहिण्याची मुभा होती. ह्याखेरीज सोबतीस होती ती पुस्तके.

अशा ठिकाणी टिळकांनी आपल्या दुखण्याचा विचार एखाद्या गणितासारखा केला. ते गणिताचेच विद्यार्थी होते. कोणते अन्न खाल्ल्याने साखर वाढते व कोणते टाकल्याने उतरते हे पाहून त्यांनी गहू व तांदूळ सोडले आणि सातूच्या पिठावर राहण्याचा क्रम धरला. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय हे आमच्या वसईकडच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ज्याच्या तोंडास जन्मापासून भाताची चव लागली आहे त्यास पहिला महिना पोट भरल्यासारखे वाटतच नाही. परंतु टिळकांनी ते दिवस दिवस, महिने महिने व वर्षे वर्षे चालविले. त्याचे फळ त्यांस मिळाले. रोग नाहीसा झाला नाही, परंतु तो आटोक्यात राहिला.

सातूचा हा गुण काही जादूचा नव्हे. सातूतही पिष्ट असते व त्याचीही साखर होते. परंतु सातूत चिकट तंतूंचा भाग पुष्कळ असल्यामुळे ते सावकाश पचते आणि रक्तातील साखर एकदम उसळत नाही. चरकाने हे अनुभवाने सांगितले. आजच्या प्रयोगशाळांत ते मापून दाखविता येते. दुसरी गोष्ट अशी की सातूवर राहणारा मनुष्य बेताबाताने खातो, गोडधोडाकडे वळत नाही व त्याच्या जेवणाची वेळ चुकत नाही. सातूचा जितका गुण, तितकाच त्या नेमाचाही.

आणि नेम हीच मंडालेच्या सहा वर्षांची खरी कमाई होती. पहाटे उठणे, ध्यान, ठराविक वेळी वाचन, ठराविक वेळी जेवण, ठराविक वेळी झोप. ह्या नेमात त्यांनी पाली, फ्रेंच व जर्मन ह्या भाषांचा अभ्यास केला. 1910-11 सालच्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत त्यांनी गीतारहस्य हा आपला मोठा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून काढला. तो 1915 साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथातील मते आम्हांस मान्य आहेत की नाहीत हा येथे प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की मधुमेहाने पोखरलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकांतात पडलेल्या माणसाच्या अंगी एवढे काम करण्याइतकी शक्ती उरली कोठून? ज्या शक्तीचा नाश दुखणे करणार होते, ती पथ्याने वाचविली आणि कामी लाविली, हेच त्याचे उत्तर आहे.

1912 सालच्या जून महिन्यात पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ती बातमी त्यांस तारेने कळली. परत जाण्याचा मार्ग नव्हता, शेवटचे दर्शन नव्हते, घरच्या मुलांस जवळ घेता येत नव्हते. अशा दुःखाच्या प्रसंगी पथ्य सुटते हे आम्ही घरोघर पाहतो. दुःखी माणूस म्हणतो की आता जगून काय करावयाचे, आणि औषधाची बाटली तशीच राहते. टिळकांनी नेम सोडला नाही. त्यांचे दुःख कमी होते असे कोणी समजू नये. आपल्या हाती जे एवढेच राहिले आहे ते तरी हातचे जाऊ देऊ नये, असा त्यांचा निश्चय होता.

जून 1914 मध्ये त्यांस सोडून देण्यात आले. येथून पुढचा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. तुरुंगात पथ्य पाळणे एका अर्थी सोपे असते. तेथे लग्नकार्य नसते, पाहुणा नसतो, सणावाराचे ताट पुढे येत नाही. घरी येताच हे सर्व आले. लोकांचे प्रेम आले, सत्कार आले, दौरे आले. 1916 साली त्यांनी होमरूल लीग काढली आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्याच साली लखनौस काँग्रेसमध्ये ते गेले. 1918 च्या अखेरीस ते विलायतेस गेले आणि तेथील थंडीत सुमारे एक वर्ष राहून नोव्हेंबर 1919 मध्ये परत आले. बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या वर्षी एवढी धावपळ निरोगी माणसासही सोसत नाही.

जुलै 1920 मध्ये ते कामासाठी मुंबईस आले व सरदारगृहात उतरले. तेथे मोटारीतून फेरफटका करताना त्यांस गारवा बाधला. ताप आला, तो वाढत गेला, फुप्फुसे सुजली, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी प्राण सोडला. वय चौसष्ट वर्षांचे होते. मधुमेहाने शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्ती कमी होते हे आज सर्व डॉक्टर सांगतात. तरी 1908 साली ज्याच्याविषयी लोकांनी आशा सोडली असती त्याने त्यानंतर बारा वर्षे काम केले.

हे चरित्र सांगताना एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. टिळकांच्याच पिढीतील दोन थोर पुरुष अशाच चिवट दुखण्यांनी त्यांच्या आधी गेले. आगरकर हे त्यांच्याच वयाचे, त्याच कॉलेजातले व त्याच डोंगरीच्या तुरुंगातले. दम्याने त्यांस जन्मभर छळले आणि 17 जून 1895 रोजी, चाळिशीही न गाठता, ते वारले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांस तर टिळकांसारखाच मधुमेह होता. 1914 साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते प्रकृतीसाठी फ्रान्सात गेलेले होते. परत आल्यावर 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. टिळक त्यांचे राजकारणातील कडवे विरोधक होते, परंतु स्मशानात टिळकांनीच त्यांचा गौरव केला. आगरकर व गोखले ह्यांनी आळस केला म्हणून ते लवकर गेले असे कोण म्हणेल? दुखणे सर्वांस सारखे नसते, शरीर सर्वांस सारखे मिळत नाही, आणि गरिबी व कामाचा भार हेही रोगाच्या बाजूने लढत असतात. म्हणून ज्याची साखर उतरत नाही त्याच्याकडे बोट दाखवून हा पथ्य पाळीत नाही, ह्याच्या हातून काही पाप घडले असेल, असे मंडळीत कोणी बोलू नये. पथ्य हे रोग्याच्या हाती दिलेले साधन आहे. शेजाऱ्याच्या हाती दिलेली छडी नव्हे.

आणखी एक गोष्ट. टिळक वारले त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1921 च्या उन्हाळ्यात, कॅनडा देशातील टोरांटो शहरी बँटिंग व बेस्ट ह्या दोघा संशोधकांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. 11 जानेवारी 1922 रोजी मरणाच्या दारी पोहोचलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलास ते पहिल्याने टोचले गेले. त्या पहिल्या औषधात दोष होता, पण थोड्याच दिवसांत शुद्ध औषध मिळाले व तो मुलगा सावरला. तेव्हापासून ह्या रोगाचा सर्व रंगच पालटला. आज इन्सुलिन आहे, गोळ्या आहेत, आणि बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर मोजण्याचे यंत्र तर खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. टिळकांस ह्यांपैकी काहीच मिळाले नाही. म्हणून त्यांचे चरित्र वाचून कोणी असे म्हणू लागला की टिळक सातूवर राहिले, मीही डॉक्टरचे औषध टाकून सातूवर राहीन, तर त्याने ह्या चरित्राचा उलटाच अर्थ केला असे होईल. टिळकांनी त्यांच्या काळी जो उत्तमात उत्तम इलाज होता तो मनापासून केला. आपणही आपल्या काळी तेच केले पाहिजे. औषध व पथ्य ही बैलजोडी आहे. एकास सोडले तर गाडी चालत नाही.

आता हा धडा आपल्या घरी कसा लावावा?

पहिली गोष्ट ताटाची. भात सोडवत नसेल तर तो निम्मा करावा आणि ती जागा भाजी, डाळ व मासळी ह्यांनी भरावी. मासळी तळण्याऐवजी कालवण करावे. किनाऱ्यावर नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी परकी नाही. तिला पुन्हा मानाची जागा द्यावी, पण तीही मोजूनच खावी. केळी व वसईची प्रसिद्ध सुकेळी ही गोडच आहेत हे विसरू नये. ताडी-माडी व दारू ह्यांविषयी तर बोलावयासच नको.

दुसरी गोष्ट चालण्याची. शंभर योजने नकोत. परंतु रोज अर्धा तास असे चालावे की अंगास थोडा घाम येईल. चालत्या स्नायूंत साखर वेगाने शिरते, हा जुन्या वैद्यांच्या कठोर उपायातला खरा मुद्दा होता. स्टेशनापर्यंत रिक्षा न करता पायी जाणे हेही औषधच आहे.

तिसरी गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंसाठी. उपदेशक दिवसाकाठी आठ घरी जातात, आणि आठही घरी प्रेमाने साखरेचा चहा पुढे येतो. नको म्हणावे तर यजमानास वाईट वाटते. टिळकांस तुरुंगाच्या भिंतीने जे संरक्षण दिले ते उपदेशकास कोण देणार? ते मंडळीनेच दिले पाहिजे. बिनसाखरेचा चहा किंवा नुसते पाणी पुढे केले तर त्यात अनादर नाही, उलट खरी काळजी आहे. प्रीतिभोजनाच्या व नाताळाच्या पंगतीतही साखर न खाणाऱ्यांसाठी एक पदार्थ वेगळा असावा, म्हणजे त्यांस पंगतीत बसून उपाशी राहावे लागणार नाही किंवा भिडेखातर विष घ्यावे लागणार नाही. तसेच जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरास विचारल्यावाचून उपवास धरू नये. औषध पोटात व अन्न नाही अशा स्थितीत साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. हात कापू लागले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अशा वेळी मात्र साखरच द्यावी, आणि ती तत्काळ द्यावी. माणूस बेशुद्ध पडला असेल तर तोंडात काही घालू नये. त्यास तसेच दवाखान्यात न्यावे.

चौथी गोष्ट पायांची व तपासणीची. अनवाणी चालणाऱ्या मधुमेही माणसास काटा बोचलेला कळत नाही, आणि ती लहान जखम पुढे पाय घेऊन जाते. रोज रात्री पाय धुऊन पाहावेत. पायांत वहाण असावी. डोळे वर्षातून एकदा दाखवावेत, आणि साखर डॉक्टर सांगतील त्या वेळी तपासून घ्यावी.

आणि शेवटची गोष्ट घरातील स्त्रियांची. मंडालेस टिळकांचे सातूचे अन्न दुसरा एक कैदी रांधीत होता. त्याच्यावाचून तो नेम चालला नसता. आमच्या घरी हे काम आई, बायको किंवा सून करते. रोग्यासाठी एक चूल व बाकीच्यांसाठी दुसरी असे तिने किती दिवस करावे? सर्व घराने थोडे थोडे पथ्य उचलले तर रोग्यास एकटेपण वाटत नाही, स्त्रीचे श्रम वाचतात, आणि उद्या ज्या मुलास हे दुखणे व्हावयाचे ते कदाचित टळते. आणि दुखणे जर त्या बाईलाच जडले, तर तिच्यासाठी कोण रांधील हा प्रश्न घरातील पुरुषांनी आजच स्वतःस विचारून ठेवावा.

ज्या माणसास काल डॉक्टराने सांगितले की तुला हे दुखणे जन्मभर राहील, त्यास आम्ही एवढेच सांगतो. जन्मभर हा शब्द ऐकून घाबरू नये. मंडालेच्या त्या लाकडी कोठडीतही दुखणे जन्माचेच होते, आणि सुटकेचा दिवस दूर होता. परंतु तेथे आयुष्य थांबले नाही. रोज सकाळी एकच दिवस समोर असे, आणि तो एक दिवस नेमाने काढावयाचा असे. सहा वर्षे त्याच रीतीने गेली. आपणांसही तेच करावयाचे आहे. आजचे जेवण बेताने जेवावे, आजचे औषध आज घ्यावे, आजची वाट आज चालावी, आणि उरलेली शक्ती ज्या कामासाठी आपण येथे आहोत त्या कामास लावावी.